फालेओलो ते पागो पागो : १५१ किलोमीटर, चाळीस मिनिटे आणि एक अख्खा दिवस

दक्षिण प्रशांत महासागरातील सामोआ हा द्वीपसमूह राजकीयदृष्ट्या दोन भागांत विभागलेला आहे. पश्चिमेकडचा भाग म्हणजे सामोआ हा स्वतंत्र देश. त्याची राजधानी आपिया ही उपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर असून मुख्य विमानतळ त्याच बेटाच्या पश्चिम टोकाजवळ, फालेओलो येथे आहे. पूर्वेकडचा भाग म्हणजे अमेरिकन सामोआ, हा अमेरिकेच्या अखत्यारीतील प्रदेश आहे, आणि तुतुइला बेटावरील त्याचा विमानतळ पागो पागो या नावाने ओळखला जातो. दोन्हीकडे भाषा एकच आहे आणि नातीगोतीही एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे लग्नकार्य असो, अंत्यविधी असो की नोकरीधंदा, लोकांची ये-जा सतत चालू असते.

या दोन विमानतळांमधील अंतर किती आणि तेथे पोहोचायला वेळ किती लागतो, असे कोणी विचारले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर पटकन मिळते : सुमारे १५१ किलोमीटर. दुसऱ्या प्रश्नाला मात्र कोणी चाळीस मिनिटे म्हणेल, कोणी तिकिटावरचे आकडे वजा करून पावणेपंचवीस तासांच्या आसपासचे उत्तर काढेल, आणि उलट दिशेच्या तिकिटावर तर उतरण्याची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशीची छापलेली असेल. यांपैकी कोणताही आकडा छपाईची चूक नाही. अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे आणि त्याला एकच उत्तर असते. प्रवासाच्या वेळेत मात्र विमानाचा प्रकार, वारा, घड्याळ, कॅलेंडर आणि वेळापत्रक अशा निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

आधी अंतर घेऊ, कारण ते कागद-पेन्सिलीनेही काढता येते. फालेओलो विमानतळ १३.८३ अंश दक्षिण अक्षांशावर आणि १७२.०१ अंश पश्चिम रेखांशावर आहे, तर पागो पागो १४.३३ अंश दक्षिण आणि १७०.७१ अंश पश्चिम येथे आहे. म्हणजे दोहोंच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाचा आणि रेखांशांत १.३० अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही साधारण १११ किलोमीटरच भरतो, त्यामुळे दक्षिणेकडचे अंतर झाले सुमारे ५५.६ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा रुंद असतो आणि ध्रुवाकडे जाताना अरुंद होत जातो, कारण सर्व रेखावृत्ते ध्रुवापाशी एकत्र येतात. तो किती अरुंद झाला, हे त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने कळते. १४ अंशांचा कोसाइन ०.९७ आहे, तेव्हा येथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०७.९ किलोमीटरचा होतो आणि १.३० अंशांचे पूर्वेकडचे अंतर होते १४०.२ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या आहेत. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय लावले, की कर्ण १५१ किलोमीटरच्या आत-बाहेर निघतो. वैमानिकांच्या हिशेबात हेच अंतर सुमारे ८१ सागरी मैल भरते. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यांतील एक भाग जेवढ्या लांबीचा येतो तेवढाच सागरी मैल असतो (१,८५२ मीटर), म्हणूनच विमाने आणि जहाजे अजूनही हे माप सोडायला तयार नाहीत.

पायथागोरसचे प्रमेय सपाट कागदासाठी आहे आणि पृथ्वी गोल आहे, ही हरकत योग्यच आहे. मोठ्या अंतरांसाठी गोलावरचे सूत्र वापरावे लागते, आणि त्यातून मिळणारा सर्वांत छोटा मार्ग हा बृहद्वृत्ताचा तुकडा असतो, म्हणजे ज्याचे प्रतल पृथ्वीच्या मध्यातून जाते अशा वर्तुळाचा. नकाशावर तो वाकलेला दिसतो. उत्तर गोलार्धातील लांब पल्ल्याच्या विमानांचे मार्ग ध्रुवाकडे झुकलेले का दिसतात, हे या सूत्राने नीट समजते. उष्ण कटिबंधातल्या बेटांबाबत मात्र या गोष्टीचा वाजवीपेक्षा जास्त गाजावाजा होतो, असे मला वाटते, आणि त्यासाठी मुद्दाम एक प्रतिकूल उदाहरण घेतो. फिजीमधील नांदी आणि ताहितीमधील पापीते हे विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, साडेसतरा ते पावणेअठरा अंश दक्षिणेच्या दरम्यान आहेत, आणि त्यांच्या रेखांशांत सुमारे ३३ अंशांचे अंतर आहे. अक्षवृत्ताला धरून सरळ पूर्वेकडे गेले, तर अंतर सुमारे ३,४९२ किलोमीटर होते. बृहद्वृत्ताने गेले, तर मार्ग मध्यावर जवळपास ८० किलोमीटर दक्षिणेला झुकतो आणि एकूण अंतर सुमारे ३,४८७ किलोमीटर होते. ऐंशी किलोमीटर वाकडी वाट करून वाचले किती, तर पाच किलोमीटर! विषुववृत्ताच्या जवळ अक्षवृत्ते स्वतःच बृहद्वृत्तासारखी वागत असल्यामुळे असे होते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळेही गोलाच्या सूत्राने काढलेल्या अंतरात चूक राहते, पण ती अर्ध्या टक्क्याच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि १५१ किलोमीटरच्या प्रवासात ती एक किलोमीटरही भरत नाही.

याहून मोठी गफलत १८० अंशांच्या रेखावृत्तापाशी होते. नांदी विमानतळ १७७.४४ अंश पूर्वेला आहे आणि फालेओलो १७२.०१ अंश पश्चिमेला. पूर्व रेखांश धन आणि पश्चिम रेखांश ऋण धरून कोणी थेट वजाबाकी केली, तर फरक ३४९.४५ अंश येतो, आणि वर केला तसा सपाट कागदावरचा हिशेब पुढे रेटला, तर हे दोन शेजारी विमानतळ एकमेकांपासून ३७,४०० किलोमीटर दूर असल्याचे दिसू लागते. खरा फरक ३६० मधून हा आकडा वजा केल्यावर मिळतो, म्हणजे १०.५५ अंश, आणि खरे अंतर सुमारे १,२१० किलोमीटर आहे. काही नकाशांवर फिजीहून सामोआला जाणारी रेष ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका ओलांडून गेलेली दिसते, त्यामागे हीच वजाबाकी असते. कोसाइनवर आधारलेले गोलाचे पूर्ण सूत्र या सापळ्यात अडकत नाही, कारण ३४९.४५ आणि १०.५५ या दोन्ही अंशांचा कोसाइन एकच असतो.

विमानतळ ते विमानतळ हे अंतर गाव ते गाव या अंतरापेक्षा वेगळे असते, आणि छोट्या प्रवासात हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा राहत नाही. आपिया शहरातून फालेओलोला जायला किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटर पश्चिमेकडे जावे लागते. हा रस्ता एकामागून एक गावांमधून जातो, वेगमर्यादा कमी आहे, आणि गाडीला पाऊण तास सहज लागतो. पागो पागो मात्र आपियाच्या पूर्वेला आहे. म्हणजे प्रवासी आधी पाऊण तास उलट दिशेला जातो, आणि मग विमान त्याला घेऊन तेच अंतर पुन्हा पूर्वेकडे कापते. आपियाला अगदी लागून, शहराच्या पूर्वेला, फागालीई नावाची एक छोटी धावपट्टी आहे आणि पागो पागोची विमाने बराच काळ तेथून सुटत असत. तेथून पागो पागो सुमारे १२३ किलोमीटरवर आहे. आकाशातले अठ्ठावीस किलोमीटर म्हणजे विमानाची सहा मिनिटे. पण रस्त्यावरच्या वेळेचा विचार केला, तर आपियात राहणाऱ्या माणसासाठी तो अर्ध्या-पाऊण तासाचा फरक होता. ‘आपिया ते पागो पागो’ असा शोध घेणाऱ्याने कोणत्या धावपट्टीपासूनचा आकडा समोर आला आहे, हे म्हणूनच पाहून घ्यावे.

आता वेगाकडे वळू. अंतरावरून उड्डाणाचा वेळ काढण्यासाठी एक साधा नियम सर्रास वापरला जातो. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते असे धरायचे, अंतराला त्याने भागायचे, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांसाठी अर्धा तास वाढवायचा. नांदी ते फालेओलो या १,२१० किलोमीटरच्या प्रवासाला हा नियम दोन तास सांगतो, आणि प्रत्यक्षात जेट विमानाला पावणेदोन ते दोन तास लागतात, म्हणजे नियम चांगला चालतो. फालेओलो ते पागो पागोला तोच नियम ११ मिनिटे अधिक ३० मिनिटे, म्हणजे ४१ मिनिटे सांगतो, आणि तो आकडाही खऱ्या वेळेच्या जवळच आहे. पण तो योगायोगाने जवळ आला आहे, आणि हा योगायोग समजून घेण्यासारखा आहे.

या मार्गावर वर्षानुवर्षे वापरले गेलेले विमान म्हणजे ट्विन ऑटर, दोन पंख्यांचे, जेमतेम १९ आसनांचे. त्याचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे १५१ किलोमीटर कापायला त्याला सुमारे ३२ मिनिटे लागतात, आणि उरलेली सात-आठ मिनिटे धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्याउतरण्यात आणि विमानतळाभोवती वळण घेण्यात जातात. जेटच्या हिशेबात प्रवास ११ मिनिटांचा आणि बाकीची कामे अर्ध्या तासाची होती. ट्विन ऑटरच्या हिशेबात हे प्रमाण नेमके उलट आहे. दोन चुका एकमेकींना कापतात, म्हणून बेरीज जुळते. हेच विमान ५०० किलोमीटरच्या मार्गावर घातले, तर नियम ६७ मिनिटे सांगेल आणि प्रत्यक्षात पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागेल. प्रशांत महासागरात बेटाबेटांमधील पुष्कळशी वाहतूक अशाच लहान विमानांनी होते, त्यामुळे विमान कोणते, हे विचारल्याशिवाय वेळेचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो.

एवढ्या छोट्या अंतरावर जेट का वापरत नाहीत, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. प्रवासी जेट विमानाला दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला वीसएक मिनिटे आणि दीडशे-दोनशे किलोमीटर लागतात, आणि खाली उतरायलाही साधारण तेवढेच. १५१ किलोमीटरमध्ये ते वर पोहोचण्याआधीच उतरू लागेल, आणि खालच्या दाट हवेत त्याचे इंधन फार खर्च होते. शिवाय जेट भरेल एवढे प्रवासी एका वेळी जमायला हवेत. लहान विमानाच्या दिवसाकाठी काही फेऱ्या होऊ शकतात, आणि बेटावरच्या माणसाला त्याच अधिक उपयोगाच्या असतात.

ट्विन ऑटरमध्ये प्रवाशाला सामानासकट वजनकाट्यावर उभे राहावे लागते. पाहुण्याला हे चमत्कारिक वाटते, पण त्यात अपमान करण्याचा हेतू नसतो. मोठ्या विमानात सरासरी वजन धरून चालते, कारण शेकडो प्रवाशांत जास्त-कमी मिळून जाते. १९ जणांत ते मिळून जाईलच, याची खात्री नसते. एकूण वजन मर्यादेत आहे का आणि भार पुढे-मागे नीट वाटला गेला आहे का, हे प्रत्येक फेरीला प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे लागते, आणि त्यानुसार कोणी कुठे बसायचे, हेही सांगितले जाते. २०१३ साली सामोआ एअर या छोट्या कंपनीने तर प्रवासभाडेच वजनावर आकारण्यास सुरुवात केल्याची बातमी जगभर झाली होती. हे सारे सोपस्कार उड्डाणाच्या चाळीस मिनिटांत धरलेले नसतात, आणि हा प्रवास दोन वेगळ्या प्रशासनांमधला असल्यामुळे पारपत्र, प्रवेशपरवाना आणि सीमाशुल्काच्या तपासणीचा वेळही त्यांत नसतो.

वाऱ्याचा प्रश्न राहिला. ट्विन ऑटरमध्ये हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखण्याची सोय नाही, त्यामुळे ते प्रवासी घेऊन साधारणपणे तीन किलोमीटरच्या खालीच उडते, आणि त्या थरात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षाचा बराच काळ वाहत असतात. फालेओलोहून पागो पागोची दिशा काढली, तर ती पूर्व आणि आग्नेय यांच्या जवळजवळ मधोमध येते. म्हणजे जाताना वारा समोरून आणि येताना पाठीशी. ताशी ३० किलोमीटरचा वारा अगदी समोरून धरला, तर जमिनीच्या हिशेबात विमानाचा वेग जाताना २५० आणि येताना ३१० होतो, आणि उड्डाण अनुक्रमे ३६ आणि २९ मिनिटांचे होते. जाताना गेले ते येताना मिळाले, असे मात्र होत नाही. वारा नसता, तर जाऊन-येऊन ६४.७ मिनिटे लागली असती. वाऱ्यात ती ६५.५ होतात, कारण विमान समोरच्या वाऱ्यात अधिक वेळ घालवते आणि पाठच्या वाऱ्यात कमी. या मार्गावर हा तोटा पाऊण मिनिटाचा आहे. हजारो किलोमीटरच्या मार्गावर आणि जोरदार वाऱ्यात तो बराच मोठा होतो, आणि तेथे सर्वांत छोटा मार्ग सर्वांत जलद असतोच असे नाही.

इतका वेळ आपण घड्याळाच्या एकाच काट्याकडे पाहत होतो. तिकिटावर मात्र दोन घड्याळे छापलेली असतात, कारण निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. सामोआची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या १३ तास पुढे आहे आणि अमेरिकन सामोआची ११ तास मागे, म्हणजे दोहोंत बरोबर २४ तासांचा फरक आहे. समजा, फालेओलोहून विमान शनिवारी सकाळी १० वाजता निघाले आणि उड्डाणाला ४० मिनिटे लागली. निघण्याच्या वेळेतून १३ तास वजा केले, की जागतिक वेळ मिळते : शुक्रवार, रात्रीचे ९. त्यात ४० मिनिटे मिळवली, की ९ वाजून ४० मिनिटे. त्यातून पागो पागोसाठी ११ तास मागे गेले, की शुक्रवार, सकाळचे १० वाजून ४० मिनिटे. घड्याळातले तास आणि मिनिटे अपेक्षेप्रमाणेच पुढे गेली. मागे गेले ते फक्त कॅलेंडर. उलट प्रवासात शुक्रवारी दुपारी ४ वाजता निघालेला प्रवासी शनिवारी ४ वाजून ४० मिनिटांनी उतरतो, आणि कागदावर २४ तास ४० मिनिटे दिसतात. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत आणून मगच वजाबाकी करायची, एवढी एक सवय लावून घेतली, तर जगातल्या कोणत्याही तिकिटावरचा खरा प्रवासकाळ काढता येतो.

हे सारे आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे घडते, हे आपण भूगोलात शिकलेलो असतो. पण ती रेषा १८० अंशांच्या रेखावृत्तावर आहे, एवढेच लक्षात ठेवलेल्या माणसाचा येथे पुरता गोंधळ होतो. नांदीहून फालेओलोला जाताना विमान १८० अंशांचे रेखावृत्त ओलांडते, आणि तारीख बदलत नाही; फिजी १२ तास पुढे आणि सामोआ १३ तास पुढे असल्यामुळे घड्याळ फक्त एक तास पुढे करावे लागते. फालेओलोहून पागो पागोला जाताना मात्र विमान त्या रेखावृत्तापासून आठ-नऊ अंश दूर असते, त्याच्या जवळपासही फिरकत नाही, आणि तारीख बदलते. याचे कारण असे, की वाररेषा कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने आखलेली नाही. १८८४ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या परिषदेने ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त मानले, पण वाररेषा ठरवली नाही. कोणता देश कोणती तारीख पाळतो, हे तो देशच ठरवतो, आणि नकाशावरची रेषा नंतर त्यानुसार वाकवली जाते.

सामोआने हा निर्णय दोनदा घेतला आहे. १८९२ पर्यंत तेथे आशियाकडची तारीख पाळली जात होती. अमेरिकेशी व्यापार करणाऱ्यांच्या आग्रहावरून त्या वर्षी अमेरिकेकडची तारीख स्वीकारण्यात आली, आणि त्यासाठी सोमवार, ४ जुलै हा दिवस दोनदा मोजला गेला. ते वर्ष मुळातच लीप वर्ष असल्यामुळे सामोआत ३६७ दिवसांचे ठरले. पुढे शतकभरात व्यापाराची दिशा बदलली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे मुख्य भागीदार झाले आणि हजारो सामोअन कुटुंबे तेथे स्थायिक झाली. आपियात शुक्रवार असे तेव्हा ऑकलंडमध्ये शनिवारची सुट्टी सुरू झालेली असे, आणि आपियातले लोक रविवारी चर्चमध्ये असत तेव्हा सिडनीत सोमवारचे कामकाज चालू असे, म्हणजे आठवड्यातले कामाचे दोन दिवस वाया जात. पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांच्या सरकारने यावर उपाय म्हणून पुन्हा पलीकडे जाण्याचे ठरवले. गुरुवार, २९ डिसेंबर २०११ ची मध्यरात्र झाली आणि सामोआत थेट शनिवार, ३१ डिसेंबर उजाडला; ३० डिसेंबर २०११ ही तारीख त्या देशात कधी आलीच नाही. न्यूझीलंडच्या अखत्यारीतील टोकेलाऊ बेटांनीही त्याच वेळी उडी घेतली. अमेरिकन सामोआचे व्यवहार अमेरिकेशी असल्यामुळे तो प्रदेश होता तेथेच राहिला. अंतरात एका मीटरचाही फरक पडला नाही, पण त्या रात्रीपासून आपिया आणि पागो पागो यांच्यामध्ये एक दिवस उभा राहिला, आणि आपिया आणि नांदी यांच्यामधला दिवस नाहीसा झाला.

लोकांच्या आयुष्यात हा बदल किती खोल गेला, याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. सामोआतील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक शनिवारी उपासना करत असत. एक दिवस गाळल्यानंतर सातव्या दिवसाची मोजणी अखंड ठेवायची, तर उपासनेचा दिवस नव्या कॅलेंडरप्रमाणे रविवारी येऊ लागला. पंथाच्या मुख्य प्रवाहाने रविवार मान्य केला, आणि काहींनी तो न मानता शनिवारच धरून ठेवला. सरकारने व्यापारासाठी हलवलेली रेषा श्रद्धेच्या प्रश्नापर्यंत पोहोचली, ती अशी.

असाच प्रकार आणखी उत्तरेला, किरिबाटीत आहे. हा देश वाररेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असल्यामुळे त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील कचेऱ्यांना आठवड्यातून चारच दिवस सामाईक मिळत. १९९५ च्या आरंभी त्याने पूर्वेकडची बेटे आपल्या बाजूच्या तारखेत ओढून घेतली, आणि तेव्हापासून किरितिमाती बेट जागतिक वेळेच्या १४ तास पुढे आहे. होनोलुलू १० तास मागे आहे. किरितिमाती होनोलुलूच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे २,१५० किलोमीटरवर आहे, आणि जेट विमानाला तेथे जायला तीन तासांच्या आसपास लागतात. दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवतात, भिंतीवरची कॅलेंडरे मात्र वेगवेगळी तारीख.

प्रवाशाला याचा व्यवहारात उपयोग आहे, आणि तो न समजल्यास नुकसानही होते. शनिवारी फालेओलोहून निघणाऱ्याने पागो पागोत खोली शुक्रवारच्या रात्रीची घ्यायला हवी. पागो पागोहून शुक्रवारी रात्री होनोलुलूचे विमान सुटणार असेल, तर ते त्याला शनिवारी सकाळी सामोआतून निघूनही मिळू शकते. आणि तेथून परतताना पुढचे विमान पकडायचे असेल, तर एक तारीख हिशेबातून वगळावी लागते, कारण ती तारीख त्याच्या वाट्याला चाळीस मिनिटांच्या उड्डाणात संपलेली असते. जुन्या माहितीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. सामोआत २०१० ते २०२१ या काळात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करत असत, त्यामुळे २०११ नंतरच्या त्या महिन्यांत दोन सामोआंमधील फरक २५ तासांचा असे. आता तो वर्षभर २४ तासांचाच आहे; काही पानांवर मात्र अजून जुनाच आकडा आढळतो.

इतके सारे हिशेब जमले, तरी एक प्रश्न अंतर सांगणारी साधने विचारतच नाहीत, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो : त्या मार्गावर विमान जाते का? पागो पागो ते पापीते हे बृहद्वृत्तीय अंतर सुमारे २,२८० किलोमीटर आहे, आणि वर सांगितलेला नियम त्यासाठी तीन तास वीस मिनिटे इतका वेळ देईल. पण थेट विमान नसेल, तेव्हा एक वाट उरते ती होनोलुलूमार्गे : आधी विषुववृत्त ओलांडून सुमारे ४,२०० किलोमीटर उत्तरेला, आणि मग पुन्हा विषुववृत्त ओलांडून सुमारे ४,४०० किलोमीटर दक्षिणेला. अंतर जवळपास चौपट होते, निव्वळ उड्डाणाचेच अकरा तास होतात, आणि दोन्ही मार्गांवर आठवड्यातून मोजकीच विमाने असल्यामुळे होनोलुलूत थांबण्याचे दिवस वेगळे मोजावे लागतात. टोकेलाऊ बेटांची गोष्ट तर याहून कठीण आहे. ती आपियाच्या उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटरवर आहेत. जेटच्या हिशेबाने ते अंतर तासाभराचे आहे. पण तेथील तिन्ही प्रवाळबेटे इतकी चिंचोळी आणि सखल आहेत, की त्यांपैकी एकावरही विमानतळ नाही, आणि तेथील आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात जायचे असो किंवा विद्यार्थ्याला शिक्षणासाठी बाहेर पडायचे असो, आपियापर्यंतचा प्रवास बोटीनेच करावा लागतो. समुद्र शांत असेल, तरी त्याला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, आणि बोट पुढच्या खेपेला केव्हा येणार, यावर बाकीचे सारे वेळापत्रक ठरते.